'एक्स्ट्रीम व्हॅल्यू'ला मराठीत काय म्हणावे?

गंगापूररोड: गतिकीय प्रणालींतल्या (ठरावीक नियमाने पावलापावलाने बदलत जाणाऱ्या) एक्स्ट्रीम व्हॅल्यूंवर, म्हणजे क्वचितच येणाऱ्या फार मोठ्या आकड्यांवर, एका गणितज्ञाने केलेल्या संशोधनाचा मराठी परिचय लिहायचा आहे. मसुद्यात 'कमाल मूल्य' होते, तपासणाऱ्यांनी खोडून 'चरम मूल्य' केले. बरोबर कोणते?

अर्धमात्रा: चरम. कमाल मुळात अरबी, हवामानाच्या बातम्यांत शोभते. शिवाय चरममध्ये 'चर' आहे, गतिकीशी छान जुळते!

पंचवटीकर: व्युत्पत्ती काहीही असो, चरम म्हणजे शेवटचा. इथे शेवटच्याचा काय संबंध? कमाल अडते ते वेगळ्याच कारणाने. १,००,००० पावलांच्या मालिकेचे हजार-हजारांचे १०० गट पाडले आणि प्रत्येकातला सर्वांत मोठा आकडा उचलला, तर ते 'कमाल'. त्यांचे वितरण गुंबेल, फ्रेशे, वायबुल या तीन ठरावीक वितरणांपैकी एकाकडे झुकते (फिशर-टिपेट १९२८, ग्नेडेन्को १९४३). दुसऱ्या पद्धतीत उंबरठा ठरवून त्यावरचे सगळेच आकडे घेतात. नाशकात गोदेतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले तो प्रत्येक दिवस मोजला, तर हा उंबरठा. दर पावसाळ्यातली सर्वांत उंच खूण तेवढी घेतली, तर कमाल. दोन्हींना मिळून 'टोकाची मूल्ये' म्हणा.

अर्धमात्रा: 'टोकाची' म्हटले की भांडणातली भूमिका वाटते.

सराफबाजार: मग मसावितला 'महत्तम' घ्या, भारदस्तच हवा असेल तर. पण 'रिटर्न पीरियड'ला, म्हणजे अशी घटना पुन्हा येईपर्यंतच्या काळाला, कृपा करून 'परतावा काळ' लिहू नका. परतावा पैशाचा. 'पुनरागमन काळ' लिहा.

पंचवटीकर: 'पुनरागमनाय च' म्हटले की गणपती पुढल्या चतुर्थीला येतोच. १०० वर्षांचा पूर (कोणत्याही एका वर्षी शक्यता १ टक्का) असा तिथी पाळत नाही. दर वर्ष स्वतंत्र धरले तरी ३० वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. 'सरासरी' हा शब्द आत हवाच. गणितज्ञ मार्क काट्सचे १९४७चे प्रमेयही सरासरीचेच आहे: प्रणाली ज्या भागात परत यायची त्याचे माप जितके लहान, तितका परतीचा सरासरी काळ लांब, थेट व्यस्त प्रमाणात.

गंगापूररोड: आणि 'एक्स्ट्रीमल इंडेक्स'?

सराफबाजार: नाशिककराने हे विचारावे? 'घडांक'! टोकाचे आकडे द्राक्षांसारखे घडाने येतात, आणि १ भागिले घडातले सरासरी मणी म्हणजे हा अंक. उदाहरणार्थ ० ते १ मधली संख्या दुप्पट करायची, १ किंवा जास्त झाली की पूर्णांक टाकायचा. ०.००१, ०.००२, ०.००४... शून्याजवळ शिरलेला बिंदू रेंगाळतो. इथे शून्याजवळ येणे हेच टोकाचे, आणि उंबरठा म्हणजे ठरवलेले अंतर. त्याच्या आत असलेल्यांपैकी निम्मे पुढच्या पावलालाही आतच. म्हणून घडात सरासरी २ मणी, घडांक १/२. १/३ वरून २/३ ला आणि परत १/३ ला येतो, दोन पावलांत अंतर चौपट, चौथा हिस्साच परत आत, म्हणून तिथे घडांक १ वजा १/४, म्हणजे ३/४. आवर्तन नसलेल्या बिंदूपाशी घडांक १, मणी सुटे.

पंचवटीकर: संगणकावर पडताळताना मात्र नुसते दुप्पट करत बसू नका. दुहेरी अचूकतेत (डबल प्रिसिजन) संख्येला ५३ बिट, म्हणजे ०-१चे अंक, असतात. दर पावलाला वरचा एक बिट गळतो, पन्नासएक पावलांत उत्तर चोख शून्य, आणि शून्यापासूनच्या अंतराचा ऋण लॉग (जितके जवळ तितका मोठा आकडा यावा म्हणून) घेतला की 'अनंत'. शेपटाला दर वेळी छापा-काट्याने नवा बिट जोडा.

अर्धमात्रा: बिटला 'द्व्यंक' का नको?

सराफबाजार: बिट राहू द्या हो. घडांक की गुच्छांक, ते बोला. माझ्या मते गुच्छ फुलांचा.

गंगापूररोड: पण शीर्षकात काय घालू?

अर्धमात्रा: गुच्छ किल्ल्यांचाही नसतो, तो जुडगा. आणि 'द्व्यंक'चे उत्तर कोणीच दिले नाही.