मुलींना सगळे माहीत आहे, तरी कापड गादीखालीच वाळते

सहावी ते आठवीची शिक्षिका (प्रश्न)
आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी दर सत्राला मुलींसाठी मासिक पाळीविषयी एक तास घेते. पाळी का येते, पॅड चार ते सहा तासांनी का बदलावे, कापड साबणाने धुऊन उन्हात का वाळवावे, हे मुली आता घडाघडा सांगतात. परवा बोलता बोलता मात्र असे निघाले की बहुतेकींच्या घरी कापड न्हाणीतल्या दोरीवर परकराखाली, नाहीतर गादीखाली वाळते. शाळेत आलेली मुलगी दहा ते पाच एकाच पॅडवर काढते आणि दोघी-तिघी त्या दिवसांत येतच नाहीत. माहिती असूनही वागणे बदलत नसेल, तर मी कोठे कमी पडते आहे?

निवृत्त आरोग्यसेविका
बाई, तुमचा तास वाया गेलेला नाही. पण ‘उन्हात वाळव’ असे सांगताना ते ऊन ज्या अंगणात पडते, तेथे आजोबा, काका आणि शेजारी बसलेले असतात, हे आपण विसरतो. ‘कावळा शिवला’ म्हणून जेथे बाईला अजूनही कडेला बसवतात, तेथे तारेवरचे ते कापड आईलाच सहन होत नाही. म्हणून मी आधी आईशी आणि आजीशी बोलत असे. कापड तारेवर घालून वर पातळ सुती ओढणी टाकावी, असे सुचवले की त्या सहसा तयार होत. आत वारा खेळतो आणि लाजही राखली जाते. दमट राहिलेल्या कापडानेच खाज आणि पुरळ उठते. नायलॉनचे कापड तर टिपतच नाही, जुने सुती लुगडे उत्तम. आणि वर्गात केवळ पॅडचे गुण गाऊ नका. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 15 ते 24 वयाच्या सुमारे 64 टक्के मुली-स्त्रियांनी पॅड, तर 50 टक्क्यांनी कापड वापरत असल्याचे सांगितले होते. म्हणजे अनेकजणी दोन्ही वापरतात.

एका शाळेचा मुख्याध्यापक
दहा ते पाच एकच पॅड, यात मुलींचा दोष शोधण्याआधी शाळेचे स्वच्छतागृह पाहावे. 2018 मध्ये अस्मिता योजना आली आणि जिल्हा परिषद शाळांतील 11 ते 19 वयाच्या मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत देण्याचे ठरले. पण पॅड हाती असले तरी ते बदलायला आडोसा नको का? आम्ही पाणी आत घेतले, झाकणाची बादली आणि रद्दी ठेवली. पूर्वी मुली पॅड भांड्यात टाकत आणि ते तुंबले की सगळ्यांसमोर चौकशी होई, हे आठवले की आजही संकोच वाटतो. जादा पॅडच्या कपाटाची किल्ली आता आठवीच्या मुलींकडेच असते, मागावे लागत नाही. समग्र शिक्षाच्या शाळा अनुदानातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेसाठीच असते, ती येथे वापरता येते.

निवृत्त आरोग्यसेविका
गैरहजर मुलींविषयी एक राहिले. त्या लाजेने येत नाहीत की दुखण्याने, हे एकेकीला बाजूला घेऊन विचारा. पहिली दोन-तीन वर्षे पाळी पुढेमागे होणे स्वाभाविक असते, पण रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालत असेल किंवा तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन हिमोग्लोबिन तपासावे. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली खरोखर गिळतात की खिडकीबाहेर टाकतात, तेही पाहा.

सहावी ते आठवीची शिक्षिका
दोघांचेही आभार. आज मुद्दाम जाऊन पाहिले, तर मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी फक्त बाहेरून आहे. मैत्रिणीला दाराशी उभे करूनच आत जावे लागते, असे मुलींनी सांगितले. पाच वर्षे मी तेथे शिकवते आहे. उद्या आधी सुतार बोलावते, मग दोघींच्या आयांना भेटेन.