नाकतोडे खाल्लेत, म्हणून सांगतो
झिम्बाब्वेत मोपाने अळ्या, म्हणजे मोपाने झाडावरचे सुरवंट, खाव्यात का, या प्रश्नावर इथे बरीच नाकं मुरडली गेली. मी युगांडात नाकतोडे खाल्लेत. तिथे त्यांना न्सेनेने म्हणतात. नोव्हेंबरच्या पावसात तिथल्या मसाका शहराकडे रात्री प्रखर दिवे लावून उभे पत्रे रचतात. दिव्याला भुललेले किडे पत्र्यावर आपटून खालच्या पिंपात घसरतात. बाजारात बायका पंख-पाय खुडत बसतात, आपल्याकडे मेथी निवडावी तशा. तेल जवळजवळ लागतच नाही. स्वतःच्याच चरबीत, कांद्यासोबत कुरकुरीत होतात. पहिला डोळे मिटून चावला. भाजलेल्या जवळ्याच्या जवळ जाणारी चव, वास तेवढा कमी. मग कपभर कधी संपले कळलंच नाही! कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी मात्र लांब राहा. माझ्या शाकाहारी सोबत्याने मातोकेवर, म्हणजे उकडून कुस्करलेल्या हिरव्या केळ्यांवर, आठवडा काढला.