मदत हवी आहे : दक्षिणेतील जुनी प्लँटेशन घरे एका दिवसात कशी पाहावीत?

सदाफुली
येत्या शनिवारी दक्षिणेतील जुनी प्लँटेशन घरे, म्हणजे मोठ्या मळ्यांवरच्या मालकांच्या हवेल्या, पाहायला जायचे आहे. सकाळी लवकर निघून रात्री घरी परतायचे आहे आणि तेवढ्यात किमान चार घरे पाहून व्हावीत, अशी अपेक्षा आहे. कोणती चार निवडावीत, कोणत्या क्रमाने पाहावीत आणि तिकिटे आधी काढून ठेवावी लागतात का, हे कृपया लवकर सांगावे, कारण मंगळवार उजाडला तरी काहीच ठरलेले नाही. त्या घरांची संकेतस्थळे मी वाचली आहेत. तिथे प्रत्येक घर सर्वांत सुंदर असते, त्यामुळे त्यांचे दुवे देऊ नयेत.

कोयनाकाठ
दक्षिणेत जाणारच असाल तर चिकमगळूर सोडू नका. कॉफीच्या मळ्यांतील जुन्या बंगल्यांपैकी काही ठिकाणी आता राहण्याची सोय होते आणि पहाटेच्या धुक्यात व्हरांड्यात बसून घेतलेल्या कॉफीची चव घरी येत नाही. मात्र एका दिवसाचा हट्ट सोडावा लागेल.

नकाशेवाला
कोयनाकाठ, धाग्यातील दक्षिण म्हणजे अमेरिकेतील दक्षिणेकडची राज्ये असावीत, असे मला वाटते. सदाफुली, ही दक्षिणसुद्धा व्हर्जिनियापासून लुइझियानापर्यंत पसरलेली आहे. तुम्ही कोणत्या राज्यात जाणार, कोणत्या गावाहून निघणार, बरोबर कोण आहे आणि त्यांना किती चालवते, यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही. एवढे कळल्याशिवाय क्रम सांगणे म्हणजे पत्ता न घालता पाकीट पेटीत टाकण्यासारखे आहे.

पूर्वकिनारा
राज्य कोणतेही ठरले असले तरी मी साउथ कॅरोलायनातले चार्ल्सटनच सुचवीन. ड्रेटन हॉल हे १७३८ साली बांधायला घेतलेले घर मुद्दाम सामानाविना रिकामे ठेवले आहे, त्यामुळे नजर खुर्च्या-पलंगांवर न अडकता भिंतींवर आणि छतावरच्या नक्षीवर जाते. शेजारच्या मिडलटन प्लेसमधील मुख्य घर १८६५ साली अमेरिकन गृहयुद्धात जाळले गेले, पण बागा पाहण्यासारख्या आहेत. मक्लाउड येथे गुलामांचे आणि 'गल्ला' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या वंशजांचे जीवन केंद्रस्थानी ठेवून माहिती दिली जाते. आम्ही तिन्ही दोन दिवसांत आरामात पाहिली.

सदाफुली
लुइझियाना, हे लिहायचे राहिले, क्षमस्व. न्यू ऑर्लिन्सजवळ मिसिसिपीच्या काठाने जो रिव्हर रोड जातो, त्यावरची घरे पाहायची आहेत. माझी यादी ओक अ‍ॅली, लॉरा, व्हिटनी आणि नॉटोवे अशी आहे. एकूण चार माणसे आहोत. आता कृपया क्रम सांगावा.

जुनाजाणता
यादी उत्तम आहे. माझा सल्ला असा की नॉटोवेपासून सुरुवात करावी. ६४ खोल्यांचे ते पांढरेशुभ्र घर पाहिल्यावर बाकीची घरे आउटहाउससारखी वाटतात. आम्ही तिथे रात्री मुक्कामही केला होता.

नकाशेवाला
जुनाजाणता, नॉटोवे आता नाही. १५ मे २०२५ रोजी लागलेल्या आगीत ते १८५९ सालचे घर जळून गेले. गृहयुद्धापूर्वीच्या शिल्लक हवेल्यांमध्ये ते सर्वांत मोठे मानले जात होते. सदाफुली, तुमची यादी त्यामुळे आपोआप तीनवर आली आहे.

उरलेली तिन्ही ठिकाणे नदीच्या एकाच बाजूला आहेत, ही तुमच्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे. या बाजूला स्थानिक लोक पश्चिम काठ म्हणतात, जरी नदी तिथे इतकी वळणे घेते की प्रत्यक्षात तो बराचसा दक्षिण काठ आहे, आणि होकायंत्रावर विश्वास ठेवणारे माझ्यासारखे लोक पहिल्यांदा हमखास चुकतात. पूल मोजकेच असल्याने एक घर या काठावर आणि दुसरे त्या काठावर असे निवडले, तर वेळ पुलांवर ये-जा करण्यातच जातो. लॉरा आणि ओक अ‍ॅली व्हॅशरी गावाजवळ एकमेकांपासून चार मैलांच्या आत आहेत आणि व्हिटनी तिथून न्यू ऑर्लिन्सच्या दिशेला गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. तुम्ही न्यू ऑर्लिन्समध्ये कुठे उतरणार आहात?

सदाफुली
उतरणार कुठेच नाही. आम्ही ह्यूस्टनला राहतो, हे मी वर लिहिले नव्हते का?

नकाशेवाला
नव्हते. ह्यूस्टनहून व्हॅशरीला एका दिशेने न थांबता पाच तास लागतात. वाटेत अट्चाफलाया खोऱ्यावरचा अठरा मैलांचा पूल आहे, ज्यावर अपघात झाला तर गाडी वळवायला जागा नसते, आणि त्यानंतर बॅटन रूजच्या नदीवरील पुलावर गर्दी असते. पहाटे पाचला निघालात तरी पहिल्या घराशी पोहोचायला साडेदहा होतील. नोव्हेंबरात तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि घरेही त्याच सुमारास बंद होतात. हाती उरलेल्या सहा-साडेसहा तासांत दोन घरे नीट पाहून होतील, मग पुन्हा पाच तास अंधारात गाडी चालवावी लागेल. शुक्रवारी संध्याकाळी निघून बॅटन रूजला मुक्काम करावा. तिथून व्हॅशरी तासाभरावर आहे आणि न्यू ऑर्लिन्सपर्यंत जाण्याची गरजच राहत नाही.

पारिजातक
दोनच पाहायची असतील तर ओक अ‍ॅली पहिली असावी, यावर दुमत होऊ नये. घराचे बांधकाम १८३७ ते १८३९ मधले, पण समोरची अठ्ठावीस ओक झाडे त्याच्या शंभरएक वर्षे आधी कोणीतरी दोन ओळींत लावलेली आहेत. गाडी घराच्या मागच्या बाजूला लावतात, त्यामुळे पुष्कळ लोक घर पाहून तसेच मागच्या मागे परततात. तुम्ही झाडांखालून थेट रस्त्याकडच्या फाटकापर्यंत चालत जावे आणि तिथे वळून घराकडे पाहावे. जमिनीवर टेकलेल्या फांद्यांच्या बोगद्याच्या टोकाला ते घर अगदी लहान, खेळण्यासारखे दिसते. आमच्या ताईच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही तिथेच छायाचित्रे काढली.

बाभूळकाटा
नेमके याच कारणासाठी ओक अ‍ॅली पहिली नसावी. झाडे सुंदर आहेतच, पण जिथे माणसांची खरेदी-विक्री होऊन त्यांच्याकडून राबवून घेतले गेले, तिथे वाढदिवसाची छायाचित्रे काढताना काहीच खटकत नाही, याचे कारण आपण त्या जागेला मनात 'मळा' म्हणतो. मळा म्हटले की आपल्याला मोट, पाट आणि वांग्याची भाजी आठवते. व्हिटनी आधी पाहिले की मग हा शब्द वापरवत नाही.

व्हिटनी डिसेंबर २०१४ मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि तिथली मांडणी मालकाच्या दिवाणखान्याभोवती केलेली नसून गुलामांभोवती केलेली आहे. तीन वर्षांची होण्याआधी मरण पावलेल्या सुमारे २,२०० गुलाम बालकांची नावे एका अंगणात दगडावर कोरली आहेत. मी ती वाचत होतो, तेव्हा माझ्या शेजारी एक वयस्कर बाई एकाच नावावर बोट ठेवून बराच वेळ उभ्या होत्या. १८११ च्या जानेवारीत याच भागात चार्ल्स डेलाँडच्या पुढाकाराने गुलामांनी उठाव केला होता, त्याचेही स्मारक तिथे आहे. उठाव मोडल्यावर शिरच्छेद केलेल्यांची मस्तके नदीकाठी खांबांवर लावली गेली होती, आणि स्मारकात ती तशीच दाखवली आहेत. मुले बरोबर असतील तर त्यांच्याशी आधी बोलून घ्यावे.

पारिजातक
बाभूळकाटा, मी छायाचित्रे काढली म्हणजे मला इतिहास माहीत नाही, असा अर्थ आपण काढू नये. ओक अ‍ॅलीतही गुलामांच्या खोपट्या पुन्हा उभारल्या आहेत आणि तिथे राबलेल्यांची नावे भिंतीवर लिहिली आहेत. अँटोआन नावाच्या गुलाम माळ्याने १८४६-४७ च्या हिवाळ्यात पिकन नावाच्या कवचफळाच्या झाडांवर कलमे बांधून पातळ सालीचा वाण तयार केला, त्याच वाणाला पुढे १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात बक्षीस मिळाले, ही गोष्ट मला तिथेच कळली. सुंदर जागी जाऊनही माणूस शिकू शकतो.

बाभूळकाटा
बक्षीस मिळाले तेव्हा अँटोआनचे नाव कुणी घेतले नाही, एवढे त्यात जोडतो. क्रमाबद्दलचे माझे मत कायम आहे. व्हिटनी पाहून ओक अ‍ॅलीला गेलात तर झाडे तितकीच सुंदर दिसतील, उलट केलेत तर व्हिटनीला तुम्ही दमलेल्या पायांनी पोहोचाल.

ऊसकरी
दोघांच्याही भांडणात मूळ पीक राहून गेले आहे. हा सगळा डामडौल कापसावरचा नाही, उसावरचा आहे. एत्येन द बोरे यांनी १७९५ साली न्यू ऑर्लिन्सजवळ साखरेचे दाणे पाडून दाखवले आणि त्यानंतर हा काठ उसाने भरून गेला. आपल्याकडे आडसाली ऊस सतरा-अठरा महिने उभा राहू शकतो, तिथे हिवाळ्यातल्या दहिवराच्या भीतीने तो नऊएक महिन्यांत तोडावा लागतो. म्हणून ऑक्टोबरपासून वर्षअखेरीपर्यंत गळीत उरकण्यासाठी गुलामांना रात्रंदिवस पाळ्या कराव्या लागत.

आपल्या गुऱ्हाळावर एक काहील असते, तिथे चार-पाच काहिली एका ओळीत एकाच भट्टीवर बसवत. रस सर्वांत मोठ्या काहिलीत पडे आणि लांब दांड्याच्या पळ्यांनी उकळता उकळता पुढच्या लहान काहिलीत ओतत नेत. त्या काहिलींना ओळीने ग्रांद, फ्लांबो, सिरो आणि बातरी अशी फ्रेंच नावे होती. शेवटच्या बातरीत दाणा धरला की नाही, हे आपला गुळव्या जसे बोटांवर चाचणी घेऊन सांगतो तसेच ठरवत. हात भाजणे रोजचे होते.

हे थांबवणारा माणूस न्यू ऑर्लिन्सचाच होता. नॉर्बेर रिलिअ, जन्म १८०६, आई मुक्त कृष्णवर्णीय आणि वडील गोरे. पॅरिसला शिकून आलेल्या या गृहस्थांनी बंद पात्रांची माळ बनवली, ज्यात पहिल्या पात्रातल्या रसाची वाफ दुसऱ्या पात्रातला रस उकळवते, कारण दुसऱ्यात दाब कमी ठेवलेला असतो आणि त्यामुळे तिथे रस कमी उष्णतेवर उकळतो. १८४३ आणि १८४६ साली त्यांनी पेटंटे घेतली. कोल्हापूर-नगरकडच्या कोणत्याही साखर कारखान्याच्या बॉयलिंग हाउसमध्ये उभे राहिलात तर समोरचे इव्हॅपोरेटर त्याच तत्त्वावर चालताना दिसतील. शोध ज्यांच्या कामी आला ते मळेवाले मात्र त्यांना आपल्या पंगतीला बसवत नव्हते, आणि ते शेवटी फ्रान्सला निघून गेले.

नकाशेवाला
माहिती उत्तम आहे, पण सदाफुली यांनी साखरेविषयी काही विचारल्याचे मला दिसत नाही.

सदाफुली
विचारले नव्हते, पण आता विचारते. माझे सासू-सासरे दोन महिन्यांसाठी सांगलीहून आले आहेत. अप्पा साखर कारखान्यातून चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झाले. मी ऊसकरींचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला आणि गेला तासभर ते कागदावर पात्रे काढून मला व्हॅक्यूम समजावत आहेत. मी झुंबरे आणि पलंग दाखवण्याच्या विचारात होते, त्यांना काहिली पाहायच्या आहेत. त्या कुठे दिसतील? शिवाय सासूबाईंच्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत आणि दोघेही पूर्ण शाकाहारी आहेत.

ऊसकरी
मग तुमचा निर्णय सोपा झाला. व्हिटनीच्या आवारात मोठ्या ओतीव लोखंडाच्या काहिली आहेत. मी गेलो तेव्हा एकीत पावसाचे पाणी साचून त्यात ओकची पाने कुजत होती आणि काठावरून हात फिरवला तर तळव्याला तांबूस गंज लागला. ओळीने मांडलेल्या काहिली पाहायच्या असतील तर बॅटन रूजमध्येच लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचे रूरल लाइफ म्युझियम आहे, तिथे जुने साखरघर उभे केले आहे. पर्यटक सहसा तिकडे फिरकत नाहीत. नोव्हेंबरात रस्त्याने उसाच्या गाड्याही दिसतील, मात्र तोड यंत्राने होते, त्यामुळे कोयता आणि टोळ्या शोधू नका.

पारिजातक
गुडघ्यांचा प्रश्न असेल तर ओक अ‍ॅलीत वरच्या मजल्यावर जाण्याचा हट्ट धरू नका, आम्ही गेलो तेव्हा जिनाच चढावा लागला होता. झाडांखाली बाके आहेत, सासूबाईंना तिथे बसायला नक्की आवडेल. व्हिटनीला बहुतेक सगळे उघड्यावर चालणे आहे, तेव्हा छत्री आणि टोपी न्यावी. बाभूळकाटा आणि माझे एवढ्यावर तरी एकमत व्हावे.

बाभूळकाटा
आहे. लॉरा मात्र वगळू नका. लुइझियानातल्या जुन्या फ्रेंचभाषक, म्हणजे क्रेओल, घराण्याच्या १८०५ सालच्या त्या रंगीत घरात खांबांची भव्यता नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या कारभार बायकांच्या हातात होता आणि मार्गदर्शक त्या घराण्याचा हिशेब काही न झाकता सांगतात. तासाभराची फेरी असते.

थालीपीठ
शाकाहारींसाठी एक सूचना. तिकडच्या लाल राजम्याच्या भातात सॉसेज किंवा डुकराचे मांस शिजवलेले असते आणि पालेभाज्यांतही बहुधा मांसाचा तुकडा असतो, ताटात तो दिसला नाही तरी. प्रत्येक वेळी विचारावे. त्यापेक्षा धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर न्यावी, वाहनतळाशी सावलीत बसून खाता येते.

सदाफुली
सर्वांचे आभार. शुक्रवारी दुपारी निघून बॅटन रूजला मुक्काम करीत आहोत. शनिवारी उघडताक्षणी व्हिटनी, दुपारी लॉरा आणि उजेड असेपर्यंत ओक अ‍ॅलीची झाडे, रविवारी सकाळी रूरल लाइफ म्युझियम पाहून परत. व्हिटनीची आणि लॉराची तिकिटे आत्ताच काढली. अप्पांनी काहिलींचा व्यास मोजण्यासाठी मोजपट्टी मागितली होती, ती धपाट्यांच्या डब्याशेजारी ठेवून झाली आहे.