मदत हवी आहे: 'पाच' आणि 'पाचवी' यांतला फरक कसा समजावू?

लेक सहा वर्षांची. वीसपर्यंत नीट मोजते, पण 'पाचवी गाडी दे' म्हटलं की पाचही गाड्या ओंजळीत भरून आणते! शिवाय 'सहावा, सातवा' ऐकून तिने 'दोनवा, तीनवा' बनवलेत. (तिचं काही चुकत नाही म्हणा, पहिला ते चौथा हे आपलेच शब्द आडमुठे.) काल सात गाड्यांची रांग लावली. लाल गाडी डावीकडून तिसरी, उजवीकडून मोजली तर पाचवी. 'गाडी हललीच नाही, मग नंबर कसा बदलला?' म्हणत रडकुंडीला आली. सुरुवात कुठून ते बाण काढून दाखवलं, तरी पटेना. आधी शब्द पक्के करून घेऊ की एकाच टोकाकडून मोजायची सवय लावू? लहान मुलांना शिकवणाऱ्यांनी प्लीज सांगा.