व्हेनिसच्या दारावर गुडघे टेकलेला म्हातारा: त्याला का काढलं?

म्युनिकहून आई:
मुलाकडे म्युनिकला तीन महिन्यांसाठी आले आहे. गेल्या शनिवारी व्हेनिसला जाऊन आलो. सॅन मार्कोच्या चर्चला लागून डोजच्या, म्हणजे व्हेनिसच्या निवडलेल्या राज्यप्रमुखाच्या, राजवाड्याचं दगडी दार आहे. त्यावर पंखांचा सिंह आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला एक माणूस. गाईड म्हणाला, हा फ्रान्चेस्को फोस्कारी, ३४ वर्षं डोज होता, ८४व्या वर्षी याला घरी बसवलं. एवढं बोलून तो पुढे गेला, माझा पाय मात्र तिथून निघेना. इतकी वर्षं ज्याला ठेवलं, त्याला त्या वयात काढण्याएवढं त्याने केलं तरी काय? चोरी? फितुरी?

सारंगतांडेल:
ताई, यातलं काहीच नाही. म्हणून तर त्याची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

मी बोटीवर इंजिनिअर होतो. आमची बोट धान्य घेऊन मार्गेराला लागायची, व्हेनिसच्या अगदी समोर. पाऊस आला की होल्ड, म्हणजे बोटीतली माल भरायची कोठारं, झाकायचे आणि माल उतरवणं बंद. असे मोकळे मिळालेले दिवस मी बस पकडून व्हेनिसमध्ये काढले.

फोस्कारी डोज झाला १४२३ मध्ये. आधीचा डोज तोम्माझो मोचेनिगो मरणाच्या अंथरुणावरून बजावून गेला होता, की याला निवडू नका. याला निवडलंत तर कायम लढाया होतील, आज ज्याच्याकडे १०,००० डुकाट (व्हेनिसची सोन्याची नाणी) आहेत त्याच्याकडे १,००० उरतील. त्याच भाषणात त्याने जहाजांचा हिशोब मांडला: ३,००० लहान जहाजं आणि त्यांवर १७,००० खलाशी, ३०० मोठी आणि त्यांवर ८,०००, शिवाय ४५ गॅली, म्हणजे वल्ह्यांची लांब जहाजं, आणि त्यांवर ११,०००. म्हणजे एका शहराची ३६,००० माणसं पाण्यावर! मी हा हिशोब वहीत उतरवून घेतला होता.

तरी निवड फोस्कारीचीच झाली, आणि लढाया आल्याच. मिलानशी जवळजवळ तीस वर्षं. ब्रेश्या आणि बेर्गामो हाती आले, पण पैसा पाण्यासारखा गेला. १४३९ मध्ये तर व्हेनिसवाल्यांनी गॅली नदीतून वर आणून, पुढे बैल जुंपून डोंगरावरून ओढत गार्डा सरोवरात सोडल्या. भर हिवाळ्यात. अख्खी गॅली घाटावर चढवायची आणि पलीकडे उतरताना दोरांनी धरून ठेवायची, म्हणजे काय काम असेल याचा मी कितीदा विचार केला आहे. मिलानशी लोदीचा तह झाला १४५४ मध्ये, तोवर कॉन्स्टँटिनोपल तुर्कांकडे गेलं होतं.

आता घरचं. बाकीचे मुलगे गेले, याकोपो एकटा उरला. १४४१ मध्ये त्याच्या लग्नाला मोठ्या कालव्यावर होड्यांचा पूल बांधला होता. चारच वर्षांनी त्याच्यावर आरोप आला, की बापाच्या पदाच्या जोरावर लोकांकडून भेटी घेतो. हद्दपारी झाली, मग माफी मिळाली. १४५० मध्ये एरमोलाओ दोना या सरदाराचा खून झाला, संशय पुन्हा याच्यावर. हाल हाल केले तरी त्याने कबुली दिली नाही, तरीही त्याला व्हेनिसच्या ताब्यातल्या क्रीट बेटावर धाडलं. तिथून सुटकेसाठी त्याने तुर्की सुलतानाशी पत्रव्यवहार केला म्हणून १४५६ मध्ये परत आणलं, परत हाल केले.

पुन्हा क्रीटला निघताना तो बापाला म्हणाला, मला घरी परत आणण्याचं काहीतरी करा. बाप म्हणाला, याकोपो, जा, शहराची जी इच्छा आहे ती पाळ, त्यापलीकडे काही मागू नकोस. १४५७च्या जानेवारीत मुलगा क्रीटलाच वारला.

म्हाताऱ्याने त्यानंतर कामातून लक्षच काढलं. सभांना येईना. हाच त्याचा गुन्हा. ऑक्टोबरमध्ये दहांच्या मंडळाने, म्हणजे राज्याच्या सुरक्षेचं बघणाऱ्या सरदारांच्या समितीने, निरोप पाठवला: पद सोडा, आठ दिवसांत राजवाडा रिकामा करा, वर्षाला १,५०० डुकाट देऊ. नाही म्हणालात तर मालमत्ता जप्त. याच माणसाने पूर्वी स्वतःहून पद सोडतो म्हटलं होतं, तेव्हा यांनीच सोडू दिलं नव्हतं.

म्हाताऱ्याच्या बोटातली डोजपदाची अंगठी काढून मोडली. निघताना मेम्मो घराण्यातला एक अधिकारी त्याच्याकडे कळवळून बघत होता. म्हाताऱ्याने विचारलं, तू कोणाचा मुलगा? नाव ऐकून म्हणाला, तुझे वडील माझे मित्र, त्यांना सांग भेटायला या, होडीतून सावकाश मठ बघत फिरू. भावाने सुचवलं, झाकलेल्या जिन्याने गुपचूप होडीकडे जाऊ या. तो म्हणाला, ज्या जिन्याने वर आलो त्याच जिन्याने उतरेन. १ नोव्हेंबरला, आठवड्याभरातच, गेला.

साताऱ्याची वकील:
तांडेलकाका, यात कायद्याची बाजू महत्त्वाची आहे. दहांचं मंडळ १३१० मध्ये एका कटानंतर नेमलं गेलं, राज्याविरुद्धची कारस्थानं शोधायला. फोस्कारीने कुठलं कारस्थान केलं होतं? डोजला पदावरून हलवायचं तर त्याचे सहाही सल्लागार आणि महापरिषदेचं, म्हणजे सगळ्या सरदारांच्या सभेचं, बहुमत लागायचं. महापरिषदेला विचारलंच नाही. लोकांनाही त्याचा धक्का बसला असणार, कारण पुढच्याच वर्षी दहांच्या या अधिकाराला लगाम घातला गेला. आणखी एक. पूर्वी नवा डोज लोकांसमोर आणून 'तुम्हाला पसंत असेल तर' असं म्हणायची रीत होती. फोस्कारीच्या वेळी ते शब्द गाळले. लोकांचा तो शेवटचा हक्क त्याच्याच निवडीत गेला, याचं मला फार वाईट वाटतं.

इतिहासवेडा:
फोस्कारींच्या वैऱ्यांचा, लोरेदान घराण्याचा, सूड सांगायचा राहिला. आपल्या माणसांच्या मृत्यूबद्दल त्यांनी व्यापाराच्या चोपडीत फोस्कारींच्या नावे येणं लिहून ठेवलं होतं, आणि म्हातारा गेल्यावर 'चुकतं झालं' असं लिहिलं.

सारंगतांडेल:
वैर खरं. पिएत्रो लोरेदान १४२३ मध्ये त्याच्या विरुद्ध उभा होता, आणि दहांच्या मंडळात याकोपो लोरेदान पुढे होता. पण चोपडीची गोष्ट फार नंतरच्या लिखाणात येते, मी ती धरत नाही.

म्युनिकहून आई:
त्याची बायको होती का तेव्हा?

सारंगतांडेल:
होती. मारीना नानी. सरकारने डोजच्या इतमामाने अंत्यविधी करायचं ठरवलं तेव्हा ती देह द्यायला तयार नव्हती. जिवंतपणी काढलंत, आता माझ्या स्त्रीधनातून मी करीन, असं तिचं म्हणणं. तिचं ऐकलं नाही. डोजची वस्त्रं चढवून त्याला नेलं, आणि नवा डोज मालिपिएरो मागून साध्या सरदाराच्या पोशाखात चालला. समाधी फ्रारीच्या चर्चमध्ये, वेदीच्या उजव्या हाताला.

आणि ताई, दारावर तुम्ही पाहिलंत ते १८८५चं नवं काम आहे. मूळचं १७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडालं तेव्हा फोडलं. फक्त डोकं वाचलं, ते राजवाड्यातल्या संग्रहालयात तळमजल्यावर आहे. सुरकुत्यांसकट.

म्युनिकहून आई:
मुलाला सांगितलं आहे, परतीच्या आधी एक दिवस पुन्हा जायचंय. या वेळी गाईड नको.