‘तुकडा तपासणे’ चालेल का? (कॅसलमनचा आजार)

आंबेमोहोर: कॅसलमनच्या आजारावर (यात लसीकाग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड, वाढतात) रुग्णांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. ‘लिम्फोप्रोलिफरेटिव्ह डिसऑर्डर’साठी ‘लसीकापेशी-बहुप्रसवी विकार’ सुचवलाय कुणीतरी. वाचतानाच धाप लागते. आणि बायोप्सीला ‘तुकडा तपासणे’ लिहू ना? घरोघरी तसंच म्हणतात.

टाचणी: ‘लसीकापेशींच्या फाजील वाढीचा आजार’ म्हणा. कर्करोग हा शब्द मात्र आणू नका. लिम्फोमा हा लसीकापेशींचा कर्करोग याच कुळातला, पण कॅसलमन कर्करोगात मोडत नाही.

‘तुकडा’ इथे खटकतो. सुईने ओढतात त्या सुट्या पेशी. कॅसलमनचं निदान पेशींच्या मांडणीवरून होतं: लसीकाग्रंथीतली जननकेंद्रं (जिथे पेशी वाढतात ते गोल पुंजके) आक्रसलेली, भोवती लहान लिम्फोसाइट (लसीकापेशी) कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थरावर थर, त्यात एखादी रक्तवाहिनी आरपार घुसलेली. ही झाली हायलाइन व्हॅस्क्युलर जात. दुसऱ्या जातीत केंद्रं चांगली मोठी आणि मधल्या जागेत प्लाझ्मा पेशींची (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींची) दाटी. सुईतून आलेल्या थेंबात ही मांडणी उरत नाही, म्हणून जमेल तिथे नुसता तुकडा नाही, अख्खी ग्रंथीच काढतात.

दवबिंदू: मग विश्वकोशातली ‘जीवोतक परीक्षा’ घ्या की!

टाचणी: शब्द नेटका आहे, पण ओपीडीबाहेर बसलेल्याला कोण समजावणार? ‘गाठ काढून तपासणे’ लिहा, कंसात बायोप्सी.

खडीसाखर: आमच्याकडे काखेत, जांघेत गाठ आली की ‘अवधाण आलं’ म्हणतात. ते नाही चालणार?

टाचणी: अवधाण जखमेमुळे येतं आणि जखम भरली की बसतं. तो शब्द वाचून माणूस डॉक्टरकडे जायचाच नाही. शिवाय ही गाठ कित्येकदा हाताला लागतच नाही. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या बेंजामिन कॅसलमन यांनी १९५६ मध्ये १३ रुग्णांची नोंद मांडली, त्यांच्या गाठी छातीच्या मध्यभागी होत्या आणि थायमोमासारख्या (छातीतल्या थायमस ग्रंथीच्या गाठीसारख्या) भासत होत्या.

आंबेमोहोर: युनिसेंट्रिक-मल्टिसेंट्रिकला (आजार एकाच भागातल्या ग्रंथीत की अनेक भागांतल्या) ‘एकठायी’ आणि ‘बहुठायी’?

टाचणी: वा, लिहा बिनधास्त. भेद कामाचा आहे. एकठायी असेल तर ती ग्रंथी काढल्यावर बहुतेकदा काम भागतं. बहुठायी असेल तर एचएचव्ही-८ हा विषाणू शोधायचा, त्यासाठी काढलेल्या त्याच ग्रंथीच्या ऊतकावर एलएएनए-१ (या विषाणूचं एक प्रथिन) दाखवणारा रंग चढवून पाहतात. तो नाही आणि दुसरंही कारण सापडत नाही, तर ‘इडिओपॅथिक’. त्याला ‘कारण न सापडलेला’ पुरे.

अजून एक. काही अहवालांत ‘कॅसलमनसदृश बदल’ असं येतं. तिथलं ‘सदृश’ गाळू नका. ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार), आमवात, एचआयव्ही यांतही ग्रंथी तशीच दिसू शकते. तेव्हा पॅथॉलॉजिस्टनं फक्त दिसलं ते सांगितलेलं असतं. रक्ततपासण्या आणि स्कॅन जोडल्याशिवाय ‘कॅसलमनचा आजार’ म्हणता येत नाही.