म्हणे, लॉकडाउन हा ओपन सोर्सचा सुवर्णकाळ!

वाळवंटीकाठ
कमिटकुमार यांनी काल टाकलेले वाक्य: "2020 मध्ये सगळे घरी, हाताशी वेळच वेळ, म्हणून ओपन सोर्सला सुवर्णकाळ आला." (ओपन सोर्स म्हणजे कोणीही वाचावा, सुधारावा असा खुला कोड.) वाचता वाचता दूध उतू गेले. खरोखरचे.

वेळ कोणाच्या हाताशी होता हो? माझी एक लहानशी लायब्ररी (इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) आहे, जुन्या फॉन्टमधले मराठी युनिकोडमध्ये आणणारी. आधी महिन्याला दोनेक इश्यू, म्हणजे तक्रारी, यायचे. शाळा मोबाइलवर आल्या, मास्तरांना जुन्या प्रश्नपत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर धाडायच्या झाल्या, आणि दिवसाला दोन येऊ लागले. बघणारी मी एकटी. गोव्यातल्या साखळी गावच्या घरात सहा माणसे, सासूबाईंचे ऑक्सिमीटर, आणि वर "ताई, अजून झाले नाही?"

कमिटकुमार
ताई, घरची गाऱ्हाणी म्हणजे पुरावा नव्हे. ऑगस्ट 2020 मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कर्नल 5.8, आला. आजवरच्या सर्वांत मोठ्या आवृत्त्यांपैकी एक, असे खुद्द लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स म्हणाला. कोविड रुग्णांचे आकडे देणारे कोविड19इंडिया स्वयंसेवकांनीच चालवले ना? की तेही दूध उतू जाण्यात गेले?

काजूबोंड
पात्रांव, कर्नलमधले बहुतेक जण पगारी आहेत. त्यांचे ऑफिस फक्त घरी आले. कोविड19इंडियाला मात्र सलाम, पण तेही 31 ऑक्टोबर 2021 ला थांबले, ते विसरलात.

तुमच्या सुवर्णकाळातले सोने मी पाहिलेय: ऑक्टोबर 2020 चा हॅकटोबरफेस्ट, ओपन सोर्सला हातभार लावला की टी-शर्ट देणारा उत्सव. टी-शर्टसाठी रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीपानात) "अमेझिंग प्रोजेक्ट" घुसडलेल्या पुल रिक्वेस्टी, म्हणजे "माझा बदल घ्या" अशा विनंत्या. शेवटी पहिल्याच आठवड्यात आयोजकांना नियम बदलावा लागला: ज्या रिपोला (प्रकल्पाच्या कोडसाठ्याला) हवे त्यानेच भाग घ्यावा. माडाला पाणी कोणी घालायचे नाही, पाडेली (नारळ पाडणारे) मात्र पन्नास.

रानातला
तुमच्याकडे निदान पुल रिक्वेस्ट पोचत होती. आमच्या सत्तरी तालुक्यात पोरे रेंजसाठी डोंगर चढत होती. त्यात मे 2021 चे तौक्ते वादळ. आमच्या वाड्यावर पाच दिवस करंट नाही. पॅच (कोडमधली दुरुस्ती) लॅपटॉपमध्ये, लॅपटॉप बंद. आणि तिकडे आसगावात वर्केशनवाले (सुट्टीच्या जागी येऊन ऑफिसचे काम करणारे) जनरेटर लावून "सुशेगाद कोडिंग"चे फोटो टाकत होते!

आसगावचा भाडेकरू
आलेच आमच्यावर. मी पुण्याहून आलो, भाडे भरले, इथलेच कर भरतो. तुमच्या डोंगरावर टॉवर नाही यात माझा काय दोष?

रानातला
भाडे भरले म्हणूनच तर! माझ्या भाचीला म्हापशात खोली मिळेना. तुम्ही येण्याआधी भाडे किती होते ते विचारा कोणालाही.

आसगावचा भाडेकरू
मग घरमालकाला विचारा, तो तुमच्याच गावचा. मी लॉकडाउनमध्ये तीन प्रकल्पांचे मराठी भाषांतर केले. तुम्ही काय केले, डोंगर चढलात?

काजूबोंड
ती भाषांतरे पाहिली. "सेव्ह"ला "वाचवा".

वाळवंटीकाठ
भांडा, पण शेजारच्या धाग्यावर.

एक्सझेड आठवते? फाइली दाबून लहान करणारी, जगभरच्या लिनक्समध्ये बसलेली लायब्ररी, सांभाळणारा मुख्यतः एक माणूस, लासे कोलिन. जून 2022 मध्ये त्याने लिहिले की मानसिक आरोग्याच्या जुन्या त्रासामुळे लक्ष घालणे जमत नाही, आणि हे बिनपगारी छंदाचे काम आहे. अनोळखी लोक त्याच्या मागे लागलेच होते: मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) बदला. मदतीला आलेल्याने विश्वास मिळवला आणि 2024 मध्ये चोरदरवाजा घातला. एसएसएच (दूरच्या संगणकात सुरक्षित शिरण्याची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने खोदून पाहिले, तेव्हा सापडला.

कमिटकुमार
याचा कोविडशी काय संबंध?

वाळवंटीकाठ
त्याच्या आजाराचा नाही, माझ्या शहाणपणाचा आहे. मे 2021 मध्ये सासूबाई ऑक्सिजनवर होत्या. तेव्हा एका अनोळखी खात्याने लिहिले, "थकलात, चाव्या द्या, मी सांभाळतो." मी पासवर्ड शोधायला बसले होते. सापडला नाही म्हणून दिला नाही. तो माणूस सज्जनही असेल. पण मी विचारलेसुद्धा नव्हते, तू कोण.

काजूबोंड
ताई, हे आधी सांगायचे.

कमिटकुमार
बरे. "सुवर्ण" मागे घेतो, "काळ" ठेवतो. किती इश्यू उघडे आहेत? रविवारी रिकामा आहे. (हो, माझ्या हाताशी वेळ असतो. मी एकटा राहतो.)

वाळवंटीकाठ
41. पहिल्या वेलांटीपासून सुरू करा. जुन्या फॉन्टात ती अक्षराआधी टंकतात, युनिकोडमध्ये नंतर, आणि वर रफार आला की माझा कोड आडवा होतो. रीडमीला हात लावू नका.